उन्हाळी पीक निवडण्याआधी विहीर मोजा

जानेवारी संपत आला की मराठवाड्यातल्या आमच्या कामाच्या गावांतून एकच प्रश्न येऊ लागतो. तूर निघाली, हरभरा घाट्यावर आहे, विहिरीत अजून पाणी दिसते आहे. मग उन्हाळ्यात काय घ्यावे? विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे एक-दोन एकर जमीन आहे. कुणाला ती कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेतून मिळाली, कुणी वडिलांच्या काळापासून गायरान कसतो, कुणाच्या वाट्याला भाऊबंदांच्या वाटणीत माळाचा तुकडा आला. आम्ही समाजकार्यातली माणसे, कृषी पदवीधर नाही. परभणी, राहुरी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशी वाचून, गावोगावच्या कृषी सहायकांना विचारून आणि बांधावर उभे राहून जे समजत गेले, ते इथे मांडत आहोत.

पीक बहुतेक वेळा भाव बघून ठरते, नाहीतर शेजाऱ्याकडे बघून. गेल्या साली अमक्याला टरबुजात पैसे झाले, म्हणून यंदा गावात दहा जण टरबूज लावतात. फेब्रुवारीत सगळे हिरवेगार असते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात विहीर तळ गाठते आणि उभे पीक डोळ्यांदेखत वाळते. तोपर्यंत मशागत, बियाणे, खत, फवारणी असा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. राहिलेली असते ती फक्त काढणी. मोठ्या शेतकऱ्याला हा एक तोटा आहे. दीड एकरवाल्याला हेच कर्ज पुढच्या खरिपाच्या बियाण्यापर्यंत पुरते. म्हणून कोणते पीक घ्यावे, या प्रश्नाआधी एप्रिलमध्ये माझ्याकडे किती पाणी असेल, हा प्रश्न सोडवावा लागतो. तो बऱ्यापैकी सोडवता येतो, आणि त्याला यंत्र लागत नाही.

दोनशे लिटरचा एक ड्रम घ्या. मोटार चालू करून पाइप ड्रममध्ये सोडा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. चाळीस सेकंदांत ड्रम भरला, तर मोटार तासाला १८ हजार लिटर पाणी देते. आता विहीर किती तास चालते आणि उपसा बंद केल्यावर पाणी पहिल्या पातळीवर यायला किती वेळ लागतो, हे बघा. रोज तीनच तास उपसा करता येत असेल, तर तुमच्याकडे दिवसाला ५४ हजार लिटर पाणी आहे. हे फेब्रुवारीचे झाले. एप्रिलच्या मध्याला आम्ही याच्या निम्मे धरतो, म्हणजे २७ हजार. एखाद्या चांगल्या झऱ्याच्या विहिरीला हा हिशेब अन्याय करील, पण चूक व्हायचीच असेल तर या बाजूला झालेली बरी.

दुसरी बाजू पिकाच्या तहानेची. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका गुंठ्याला साधारण १०० लिटर, एकराला ४ हजार लिटर. जमीन झाकून टाकणारे वाढीचे पीक मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला सात मिलिमीटरच्या आसपास पाणी पिते, वारा सुटला तर त्याहून जास्त. म्हणजे गुंठ्याला रोज ७०० लिटर. २७ हजाराला ७०० ने भागा, ३८ गुंठे येतात. पण हे ठिबक असेल आणि थेंबही वाया जात नसेल तेव्हाचे. पाटाने पाणी देत असाल तर चाळीस टक्के पाणी पाटात, बांधाच्या कडेला आणि हवेत जाते असे धरा. मग उरतात २३ गुंठे. फेब्रुवारीत जी विहीर दोन एकरांची वाटत होती, ती उन्हाळ्यात अर्ध्या एकराची निघते. हे गणित एकदा वहीवर मांडून दाखवले की अनेक जण गप्प होतात. मग कुणीतरी म्हणतो, गेल्या वर्षी नेमके हेच झाले.

दोरीला फुटाफुटावर गाठी मारून दर आठवड्याला त्याच दिवशी पाण्याची पातळी मोजावी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. दोन उन्हाळे लिहिलेले कॅलेंडर कुणाच्याही सल्ल्यापेक्षा जास्त कामाचे ठरते.

आता उष्णतेचे. झाड पानांतून पाणी उडवून स्वतःला थंड ठेवते, आपल्याला घाम येतो तसेच. पाणी कमी पडले की पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटतात, पान तापते आणि अन्न तयार होणे थांबते. पण खरे नुकसान फुलात होते. पान भाजले तर नवे येते. परागकण उन्हाने मेले तर त्या फुलाला शेंग धरत नाही, पुढे कितीही पाणी दिले तरी नाही. भुईमुगाच्या फुलाला ३५ अंशांच्या वरचा पारा मानवत नाही. मक्याचा तुरा ३८-४० अंशांत सापडला तर कणसे अर्धवट भरतात. टोमॅटोचे दुखणे रात्रीचेही आहे: दिवस पस्तिशीच्या वर आणि रात्रही उकाड्याची, की फुले गळून पडतात. बाजरी मात्र चाळीस अंशांच्या पुढेही दाणा धरते. ज्वारी, बाजरी, मका, राजगिरा यांची हवेतला कार्बन पकडण्याची पद्धत वेगळी असते, शास्त्रज्ञ त्यांना ‘सी-४’ पिके म्हणतात. कमी पाण्यात आणि जास्त उन्हात ती इतरांपेक्षा जास्त काम करतात; त्यातला मका तेवढा फुलोऱ्यात नाजूक. म्हणून पेरणीची तारीख ठरवताना उगवण कधी होईल यापेक्षा फुलोरा कधी येईल, हे मोजावे. शिफारशींत दिलेल्या तारखांमागचे कारण हेच असते. कारण माहीत नसले की माणूस सहज म्हणतो, आठ-पंधरा दिवसांनी काय बिघडते?

भुईमुगात पंधरा दिवसांनी खूप बिघडते. उन्हाळी भुईमूग १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या काळात पडायला हवा. त्याआधी थंडीने उगवण अडते. उशीर झाला तर फुलोरा आणि आऱ्या सुटण्याचा काळ कडक उन्हात जातो, आणि काढणी जूनच्या पावसात सापडते. उपट्या जातींच्या दाण्याला सुप्तावस्था नसते, त्यामुळे ओल मिळाली की शेंगा जमिनीतच उगवू लागतात. टॅग-२४ ही आपल्याकडे रुळलेली जात अशीच उपटी. तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे विद्यापीठ यांच्या कामातून ती आली, ‘ट्रॉम्बे-अकोला’ असे तिच्या नावातच आहे. भुईमुगाचा पैसा चांगला, पाला जनावरांना मिळतो, हलकी-मध्यम निचऱ्याची जमीन चालते. पण तो ११० ते ११५ दिवस शेतात राहतो, बारा-तेरा पाणी मागतो आणि एकरी चाळीस-पन्नास किलो दाणे बियाण्यालाच लागतात. वरच्या उदाहरणातल्या विहिरीवर तो एक एकर घेणे हा जुगार आहे. दहा-पंधरा गुंठे घ्यावा, आऱ्या सुटताना जिप्सम द्यावे, पंचेचाळीस दिवसांनंतर कोळपे घालू नये म्हणजे आऱ्या तुटत नाहीत, आणि फुलोरा, आऱ्या, शेंगा पोसणे या तीन वेळी पाण्याचा ताण पडू देऊ नये. एवढे जमणार नसेल तर भुईमूग सोडून द्यावा.

थोड्या पाण्याच्या घरांना आम्ही मुगाकडे वळवतो. साठ-पासष्ट दिवसांत मूग मोकळा होतो आणि पाच-सहा पाण्यांत येतो. भुईमुगाला जेवढे पाणी लागते, त्याच्या निम्म्याहून कमी. पेरणी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. १ मार्चला पेरला तर भीमजयंतीच्या आठवड्यात शेंगा भरत असतात आणि मेच्या पहिल्या आठवड्यात शेत रिकामे होते, म्हणजे विहिरीचे सर्वांत वाईट दिवस यायच्या आत. एप्रिल उजाडल्यावर पेरलेला मूग मात्र वळवाच्या पावसात सापडतो आणि शेंगेतच दाणे मोडावतात. वैभव, बीपीएमआर-१४५, पुसा वैशाखी या जाती उन्हाळ्यात घेतल्या जातात. एकरी सहा ते आठ किलो बियाणे, दोन ओळींत एक फूट अंतर, पेरण्याआधी बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू चोळावेत. घरचे बियाणे असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. चार-पाच दिवसांनी पंचाहत्तरपेक्षा कमी उगवले तर ते बियाणे डाळीला वापरा, पेरू नका.

मुगाचा शत्रू पांढरी माशी. तिच्यामुळे पिवळा केवडा पसरतो. पाने पिवळी-हिरवी चट्टेरी झालेले पहिले चार-सहा झाड दिसले की ते उपटून गाडून टाकायचे, मग फवारणीचा विचार. हे काम लोक टाळतात, हिरवे झाड उपटायला हात धजत नाही. पण ते झाड शेंग देणार नसते, रोग मात्र देत राहते. साधलेल्या मुगाला एकरी तीन-चार क्विंटल उतार मिळतो. शेंगा तोडून झाल्यावर झाडे जनावरांना घालण्याचा मोह होतो. थोडी घाला, उरलेली जमिनीत दाबा. पुढच्या कापसाला किंवा सोयाबीनला त्याचा फायदा दिसतो.

तीळ हे आणखी एक कमी खर्चाचे पीक. एकरी दीड किलोच बियाणे लागते, ते बारीक वाळूत किंवा चाळलेल्या शेणखतात मिसळून पेरावे, नाहीतर दाट पडते. अकोल्याची एकेटी-१०१ ही जात उन्हाळ्यासाठी घेतात, नव्वद ते पंचाण्णव दिवसांची. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा गाठावा. तिळाला पाणी साचलेले अजिबात सहन होत नाही. सवयीने भरपूर पाणी सोडणाऱ्याचा तीळ मर लागून जातो. फुलांच्या जागी पानांचे गुच्छ आले तर ते झाड काढून टाकावे, तुडतुडे तो रोग पसरवतात. बोंडे खालून पिवळी पडू लागली की कापणी करावी. पूर्ण वाळायची वाट बघितली तर बोंडे तडकतात आणि दाणा मातीत जातो.

बाजरी उन्हाला सर्वांत टणक. पाच-सहा पाणी, पंच्याऐंशी-नव्वद दिवस, भाकरीही आणि वैरणही. राहुरीने इक्रिसॅटबरोबर आणलेली धनशक्ती ही लोह जास्त असलेली जात, अंगात रक्त कमी असलेल्या घरातल्या बायका-मुलींचा विचार करता आम्ही तिचे नाव आवर्जून सांगतो. अडचण पाखरांची. उन्हाळ्यात शिवारात एकटी बाजरी उभी असली की सगळ्या गावाची पाखरे तिच्यावर येतात. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एकाच आठवड्यात पेरली तर नुकसान वाटले जाते. पाखरे राखायला मुलांना बसवू नये, तो त्यांच्या परीक्षांचा काळ असतो.

हिरव्या वैरणीसाठी ज्वारी करणाऱ्यांना एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. कोवळ्या ज्वारीत आणि पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत विषारी द्रव्य तयार होते. जुन्या माणसांना हे ठाऊक आहे, ते म्हणतात जनावराला किराळ लागली. तोंडाला फेस, पोट फुगणे, धाप, आणि बघता बघता जनावर खाली बसते. फुलोऱ्यावर येण्याआधी ज्वारी कापून घालू नये, कापलेल्या ज्वारीच्या फुटव्यांत शेळ्या सोडू नयेत, सुकलेल्या पिकाला आधी पाणी द्यावे. लक्षण दिसले तर घरगुती उपाय न करता पशुवैद्यकाला बोलवावे. यावर इंजेक्शन आहे, पण वेळ थोडा असतो. दोन शेळ्यांवर शाळेची फी भागवणाऱ्या घरात एक शेळी जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

उन्हाळी सोयाबीन बियाण्यासाठी घेता येते, पण ते जानेवारीच्या मध्यालाच पडायला हवे आणि पाणी भरपूर हवे. आमच्या बहुतेक वाचकांचे ते पीक नाही. टरबूज-खरबुजाबद्दल आम्ही हात आखडता घेतो. ठिबक, आच्छादनाचा प्लास्टिक कागद, संकरित बियाणे यांचा खर्च मोठा आणि भाव बाजाराच्या मर्जीवर. शिवाय रमजानचा भाव धरून लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. दहा वर्षांपूर्वीची लागवडीची तारीख आज चालत नाही.

वरच्या बहुतेक पेरण्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या आहेत, आणि इथे आपल्यातल्या मोठ्या वर्गाची अडचण सुरू होते. बीड, जालना भागातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. भुईमूग आणि तीळ पेरायच्या दिवसांत ती कारखान्याच्या फडावर कोपीत असतात. घरी म्हातारी माणसे. सल्ला देणाऱ्या पत्रकांत हा माणूस कुठेच नसतो. अशा कुटुंबांसाठी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात कुणी परतले तर मूग, नाहीतर भाजीपाला, तोही पाच-सात गुंठे.

भाजीपाल्यात उन्हाळ्याच्या खऱ्या भाज्या म्हणजे गवार, भेंडी, चवळी, राजगिरा, तांदुळजा. गवारीला पाणी सर्वांत कमी लागते आणि उन्हाचे तिला काही वाटत नाही. भेंडीचे बी रात्रभर भिजवून लावावे. परभणी क्रांती ही आपल्याच विद्यापीठाची जुनी जात केवड्याला बऱ्यापैकी तोंड देते. दोडका, कारले, काकडी यांना कडक उन्हात नरफुले जास्त आणि मादीफुले कमी येतात, म्हणून ‘फुले भरपूर, फळ नाही’ ही तक्रार. त्यांची लागवड फेब्रुवारीतच व्हावी. मधमाशी फुलावर असते त्या वेळी औषध फवारू नये. पालक, कोथिंबीर उघड्यावर घेतली तर फुलावर येते. परसबागेत जुन्या साड्यांचा मांडव घाला. डाळिंबाच्या बागाही शेतकरी साड्यांनी झाकतात, शेडनेटसाठी थांबायचे कारण नाही.

पाणी वाचवण्याचे दोन उपाय पैशाविना होतात. सोयाबीनचे कुटार, उसाचे पाचट, वाळलेला पाला जे मिळेल ते दोन ओळींमध्ये चार बोटे जाड पसरावे. आणि उन्हाळी वारा ज्या बाजूने येतो, त्या पश्चिमेच्या बांधावर पंधरा दिवस आधी मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन दाट ओळी लावाव्यात. पाणी पहाटे किंवा सूर्य कलल्यावर द्यावे. भर दुपारी पाने माना टाकतात ते बघून घाबरू नये, संध्याकाळी ती ताठ होतात. सकाळी सातला पाने मलूल दिसली, तर मात्र पीक खरोखर तहानलेले आहे.

पीक उन्हाला टिकेल का, हे बघताना ते तोडणारी माणसे उन्हाला टिकतील का, हेही बघितले पाहिजे. मुगाची तोडणी दोन-तीन वेळा, भेंडी-गवार एक दिवसाआड, भुईमूग उपटणे ऐन मेमध्ये, आणि हे सगळे बहुतांशी बायकांच्या हाताने. त्याच बायका सकाळी हापशावर रांगेत असतात. म्हणून घरात तोडणीला किती हात आहेत हे मोजून क्षेत्र ठरवावे. काम सकाळी सहा ते दहा, उरलेले पाचनंतर. अकरा ते चार शेतात कुणी असू नये, गरोदर बाई आणि म्हातारी माणसे तर नाहीच. मुगाच्या शेंगा सकाळच्या गारव्यात तोडल्या तर तडकतही नाहीत, म्हणजे हे पिकाच्याही हिताचे आहे. चक्कर, मळमळ, घाम थांबून अंग तापणे असे झाले की सावलीत निजवून अंगावर पाणी मारावे आणि दवाखाना गाठावा.

कधी कधी काहीही न पेरणे हाच बरोबर निर्णय असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी शेत नांगरून तापू द्यावे. विहीर आणि वस्तीचा हापसा एकाच झऱ्यावर असेल तर आधी हापसा. आपल्या वस्त्या बहुधा गावाच्या टोकाला; शिवारात खोल बोअरवर उन्हाळी ऊस चालू राहतो आणि पहिला आटतो तो आपला हापसा, हे दरवर्षीचे चित्र आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घेण्यावर १९९३ च्या भूजल कायद्यापासून बंधन आहे. ग्रामसभेत हा मुद्दा फेब्रुवारीतच मांडावा, टँकर लागल्यावर मांडून उपयोग नसतो.

ज्यांच्या नावावर सातबारा आहे, त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेकडे बघावे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठीच २०१७ पासून ती सुरू आहे. नवीन विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंपसंच, ठिबक-तुषार, अगदी परसबागेपर्यंतच्या बाबी तिच्यात आहेत. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा, काम जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत चालते. सातबारा, आठ-अ आणि जातीचा दाखला हाताशी ठेवावा. आमच्या मते लहान शेतकऱ्याने नव्या विहिरीच्या मागे वर्षे घालवण्याआधी जुन्या विहिरीची दुरुस्ती आणि ठिबक या दोन बाबी पदरात पाडून घ्याव्यात. वरच्या गणितात २३ गुंठ्यांचे ३८ गुंठे ठिबकनेच होतात. गायरान कसणाऱ्यांचा अर्ज सातबाऱ्याअभावी तिथेच अडतो. त्यांनी निदान ताब्याचे पुरावे, दंडाच्या पावत्या, पीक पाहणीच्या जुन्या नोंदी एका पिशवीत जपून ठेवाव्यात, आणि यंदाच्या मुगाचे, गवारीचे फोटो तारखेसह काढून त्यात टाकावेत.